तेल कुठे घालायचं नाही

२ नोव्हेंबर, सोमवार

आज पुन्हा तेच! मिशीवाल्याने रायफल आणून माझ्या टेबलावर ठेवली आणि टेबल ओलं झालं. "बाई, घरून एकदम चकाचक करून आणलीय!" चकाचक! नळीतून तेल ठिबकतंय, मॅगझिनमध्ये तेल, लाकडी दस्त्यावर तेल, खांद्याच्या पट्ट्यालासुद्धा तेल. अंघोळ घातली होती की काय तिला? वर मलाच विचारतो, "तरी मधेच अडकते कशी हो?" अडकणार नाही तर काय! तेलाला धूळ चिकटते, धुळीला दारूची काजळी चिकटते, आणि आत चिखल होतो. अति तेथे माती. पण हा माणूस रायफल घेऊन फोटो काढायला येतो, नेम धरायला नाही. मिशीलाही तेच तेल लावत असावा.

त्याच्यापेक्षा सचिव बरा म्हणावा, तर तो पुसतच नाही. "सेमी-ऑटो आहे बाई, तिचं ती बघते." तिचं ती बघते! गोळी सुटली की रिकामं टरफल आपोआप बाहेर पडतं आणि पुढची गोळी आपोआप आत जाते, म्हणून साफसफाईही आपोआप होते असं या शहाण्याला वाटतं. या नेमबाजीच्या रेंजचा कारभार याच्या हाती आहे. देवच राखतोय.

शस्त्रखोलीची चावी माझ्या कमरेला आहे तोवर ठीक. मी गेले की एक तर सगळ्या गंजतील, नाही तर सगळ्या पोहतील.

४ नोव्हेंबर

सचिव म्हणाला, "बाई, यंदा तेल फारच कमी संपलं, काय झालं?" म्हटलं, "मी आहे म्हणून." कळलं नाही त्याला. मान हलवून गेला.

६ नोव्हेंबर, शुक्रवार

मुकी आली होती. माझ्या धाकट्या भावाची मुलगी. फारसं बोलत नाही म्हणून मी तिला लहानपणापासून मुकीच म्हणते. मला चालतं. बडबड्यांनी रेंज भरलीय, एक तरी गप्प असू दे.

महिनाअखेरीला सशस्त्र दलाची निवड-स्पर्धा. पहिल्या तिघांत आली की थेट भरती! गणवेश, हुद्दा, स्वतःची रायफल. आणि ही येणारच. सात नंबरची रायफल हिच्या खांद्याला लागली की पुठ्ठ्याच्या मधोमध एकच भोक पडतं, पाचही गोळ्या त्याच भोकातून. मी इतकी वर्षं इथे आहे, असा हात दुसरा पाहिला नाही. माझाही नव्हता. म्हणजे होता की नव्हता ते कळायला मला कुणी स्पर्धेत उतरू दिलं असतं तर! "बाईमाणसाने बंदूक पुसावी, धरू नये." अस्सं म्हणाले होते. पुसतेय बाबांनो, अजून पुसतेय. आता माझी भाची धरेल. म्हणणारे थेरडे जिथे कुठे असतील तिथून डोळे फाडून बघतील.

आज तिच्याकडून सगळी उजळणी करून घेतली. आधी मॅगझिन बाहेर. मग बोल्ट, म्हणजे नळीच्या मागचा सरकता दांडा, मागे. मग चेंबरमध्ये, गोळी बसते त्या घरात, डोळ्याने बघायचं आणि वर करंगळी घालून बघायचं. रिकामी आहे असं मी सांगितलं तरी बघायचं. मग ब्रश, चेंबरकडून तोंडाकडे. मग चिंध्या, कोरडी बाहेर येईपर्यंत. तेल सगळ्यात शेवटी. बोल्ट घासून घासून जिथे चमक आलीय तेवढ्याच जागी थेंब, बोटाने पसरायचा आणि पुसून टाकायचा. पुसल्यावर जे उरतं तेच वंगण, बाकी सगळी हौस.

"तेल कुठे घालायचं हे कुणीही सांगेल," मी म्हटलं. "कुठे घालायचं नाही ते सांग."

"चेंबरमध्ये नाही. मॅगझिनमध्ये नाही. गोळ्यांवर नाही. पिनच्या घरात कधीच नाही."

शाब्बास! फायरिंग पिन म्हणजे बोल्टच्या पोटातली ती जाड सुई, गोळीच्या बुडावर टोचते ती. ती कोरडी धावली पाहिजे. बोल्ट खोलून पिन काढायला मी या एकीलाच शिकवलंय. बाकीच्यांना? माकडाच्या हाती कोलीत कोण देईल!

१० नोव्हेंबर

बुधला आला होता लेकीला न्यायला. बुधला म्हणजे माझा भाऊ. शटरं दुरुस्त करतो, आणि हातात तेलाचा लांब चोचीचा डबा नसेल तर त्याला उघडं वाटतं. शटर, कडी, पंखा, सायकल, शेजाऱ्याचं फाटक — जे दिसेल त्यात पिचिक! पातळ तेल, त्यात रॉकेल मिसळलेलं, वास दहा घरं लांब. भावजय म्हणते, "ताई, यांनी माझ्या चष्म्याच्या काडीतसुद्धा घातलं हो!" हसून सांगते. मला हसू येत नाही. कपाळाला हात लावावासा वाटतो.

आज सात नंबर टेबलावर होती. "ताई, जरा बघू?" रिकामी होती, म्हणून दिली. मॅगझिन काढून दाखव म्हटलं, तर खटका दाबायचं सोडून नुसतं ओढतोय, अडकलेला कप्पा ओढावा तसं! खटका पुढेच आहे, डोळ्यांसमोर आहे, तरी नाही. शेवटी घामाघूम होऊन म्हणाला, "थोडं तेल घालूया का?"

हिरावून घेतली. मुकी मात्र बापाकडे बघून हसत होती. हिला बापाचं कौतुक! असू दे. चिखलात कमळ म्हणतात ते असंच असणार.

१३ नोव्हेंबर

सरावानंतर मुकीने आपणहून तोंड उघडलं. "आत्या, तिथे पुठ्ठे नसतात ना?"

"कुठे?"

"दलात."

म्हटलं, सरावाला असतात. मग माणसं. मग म्हणजे वेळ आली तर. आणि वेळ रोज येत नाही. ती चिंध्या गोळा करत राहिली. खुळी पोरगी! पोहायला शिकते आणि पाणी ओलं असतं का विचारते. एवढा हात दिलाय देवाने, तो काय पुठ्ठ्याला भोकं पाडण्यापुरता?

१७ नोव्हेंबर

थंडी वाढली. सचिवाने शेकोटी पेटवायला सांगितली. कुठे? दारूगोळ्याच्या खोलीच्या भिंतीला लागून! नको म्हटलं तर रुसला.

२१ नोव्हेंबर, शनिवार

आज जुन्या चार रायफली बांधून ठेवायच्या होत्या. आता उन्हाळ्याशिवाय कुणी काढणार नाही. मुकी मदतीला. अशा ठेवणीतल्या रायफलींना तेल पुरत नाही, उडून जातं. त्यांना ग्रीस. कपाटातली पिवळी डबी काढली, कपाटाची किल्ली माझ्याकडे आणि मुकीकडे, बस्स. मेणासारखं घट्ट ग्रीस. लोखंडाला गंज शिवत नाही. पण वापरातल्या रायफलीला त्याचा हातही लागता कामा नये.

"पिनला लागलं तर?" मुकीने विचारलं.

"खोलीत कळणारही नाही. चाप दाबशील, टक् आवाज येईल, सगळं छान वाटेल. थंडीत बाहेर काढलीस की ग्रीस गोठतं, पिन रांगत जाते. गोळीला नुसता चिमटा बसतो, गोळी सुटत नाही."

"कधीच सुटत नाही?"

"कधी सुटते, कधी नाही. तेच तर वाईट."

बघा! असे प्रश्न विचारतात याला आवड म्हणतात. मिशीवाला आठ वर्षं येतोय, त्याला रायफलीच्या पोटात पिन असते हेच ठाऊक नाही. मी खूश होऊन तिला माझी खोडही दाखवली. पिन परत बसवताना तिच्यावरची खाच मी नेहमी वर ठेवते. तशी गरज काही नाही, कशीही बसवली तरी चालते. पण उघडल्या उघडल्या कळतं की बोल्ट माझ्या हातचा आहे. "तूही तसंच कर," म्हटलं. तिने केलं. मला उगाच भरून आलं. म्हातारी व्हायला लागले की काय!

२७ नोव्हेंबर, शुक्रवार

उद्या स्पर्धा.

शस्त्रखोलीच्या दाराची जाळी करकरते म्हणून सचिवाने आजच बुधल्याला बोलावलं. दुसरा दिवस मिळाला नाही! मुकी टेबलावर सात नंबर खोलून बसलेली, बाप दारात उभा राहून पिचिक पिचिक. मी म्हटलं, "त्या डब्याची चोच आत वळली तर हात मोडेन." "नाही ताई, नाही," म्हणाला. तेवढ्यात सचिवाची हाक, कसली तरी सही हवी. गेले. परत आले तर जाळी गुपचूप फिरत होती, बुधला हात पुसत उभा, आणि मुकीचं काम झालेलं. दोघंही गप्प. हिचं ठीक, पण बुधला गप्प?

रायफल पाहिली. नळी कोरडी, चेंबर कोरडं, बोल्टच्या चमकेवर हलका हात. बोल्ट खोलायची गरज वाटली नाही. मुकीने जोडलाय म्हणजे मीच जोडलाय.

"घाबरू नकोस," म्हटलं. "नाही घाबरत," म्हणाली. खरंच घाबरलेली दिसत नव्हती. उलट इतके दिवस ओढलेला चेहरा आज सुटल्यासारखा वाटला. 

२८ नोव्हेंबर, शनिवार

संपलं.

थंडी अशी की बोटं वळत नव्हती. मुकीचा नंबर आला. खांद्याला लावली, श्वास सोडला, दाबलं — टक्. नुसतं टक्! बोल्ट ओढला, ती गोळी टाकली, पुन्हा टक्. तिसरी सुटली. मधोमध, अर्थात मधोमध! चौथी टक्. वेळ संपली. एका गोळीच्या जिवावर कोण निवडतं? शेवटचा नंबर. नेम धरायला निघालेल्या त्या लंगड्या-पांगळ्या कंपूत शेवटचा नंबर!

मी धावले. म्हटलं, दुसरी रायफल द्या, हिला पुन्हा संधी द्या. परीक्षकाने तिथेच बोल्ट बाहेर काढला, पिन न काढताच तिच्या घरात मागून काडी घातली आणि लांबूनच दाखवली. काळी, चिकट. "आत वंगण भरलंय बाई. देखभालीतला दोष नेमबाजाचाच धरतात. ज्याची रायफल त्याची जबाबदारी." तोंडावर मारलं माझ्या! शस्त्रखोलीवाल्या बाईच्या! मागे मिशीवाला उभा होता. "तेल जास्त झालं वाटतं," म्हणाला. *तो* म्हणाला! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

रायफल त्यांनी चौकशीला ठेवून घेतली. आमच्या सेमी-ऑटोला आता लाल फीत बांधून पडावं लागणार.

मुकी येऊन माझा हात धरून उभी राहिली. सांत्वन मी करायचं की तिने!

२९ नोव्हेंबर, रविवार

सकाळीच बुधल्याच्या घरी गेले. दारातच सुरुवात केली. काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. "घातलंस ना तेल? शेवटी घातलंसच ना? लेकीच्या नशिबात ओतलंस!" एवढं आठवतं. गल्लीतली माणसं खिडकीत आली. येऊ देत.

त्याने आधी लेकीकडे बघितलं. मग म्हणाला, "असेल ताई. झालं असेल माझ्या हातून."

असेल! झालं असेल! हात आहेत की शटर? एक वेळ भांडला असता, नाही म्हणाला असता, तर बरं वाटलं असतं. हा नेभळट नुसता उभा, हातात तोच डबा. मी तो डबा घेतला आणि अंगणात भिरकावला. तेल उडालं भिंतीवर. मुकी पुढे आली, "आत्या, अगं —" म्हणाली. म्हटलं, "तू बापाची बाजू घेऊ नकोस." 

पुन्हा शस्त्रखोलीच्या आसपास दिसलास तर बघ, असं सांगून आलेय. आमचा संबंध संपला.

३ डिसेंबर

जाळी पुन्हा करकरायला लागली. करकरू दे.

८ डिसेंबर

भावजय आली होती. चहा दिला, घेतला नाही. "ताई, ते दुकानात बसतात पण डब्याला हात लावत नाहीत. गिऱ्हाइकाला सांगतात, तेल तुम्हीच घाला." म्हटलं, उशिरा सुचलेलं शहाणपण! ती म्हणाली, "तुम्ही त्यांना चार लोकांत बोललात." म्हटलं, चार लोकांत माझीही अब्रू गेली, तिचं काय? सचिवाने मला बोलावून विचारलं, "बाई, डोळे तपासून घेता का?" *माझे* डोळे! ज्याला नळीचं कुठलं टोक कुठे हे बघून सांगावं लागतं तो माझे डोळे काढतो. हे सगळं कुणामुळे?

जाताना उंबऱ्यात थांबली. "पोरगी जेवायला लागलीय हो. महिनाभर नीट जेवत नव्हती. झोपतेसुद्धा."

मग बरंच झालं की, म्हटलं. हरली आणि भूक लागली. कमाल आहे.

१४ डिसेंबर, सोमवार

ऐकावं ते नवलच! मुकी बापाच्या दुकानात बसते. शटर दुरुस्त करते! आज मुद्दाम त्या रस्त्याने गेले, समोरच्या बाजूने, दिसणार नाही अशी. शिडीवर उभी, तोंडात खिळे, खालून बाप काहीतरी ओरडतोय आणि ही हसतेय. मोठ्याने! मी तिला मोठ्याने हसताना कधी ऐकलं होतं आठवेना.

पाच गोळ्या एका भोकातून घालणारा हात, आणि त्या हाताने लोकांच्या दुकानांची शटरं वर-खाली करायची. बाप तसा बेटा! घरी आले, जेवले नाही. मला तिचा राग येत नाही, रडू येतं. आणि मग त्या बुधल्याचा राग येतो.

शुक्रवारी ती इथेही आली होती म्हणे, मी नसताना. सचिवाकडे कपाटाची किल्ली देऊन गेली. "आत्याला सांगा, आता नको." सचिवाला आज आठवलं.

१७ डिसेंबर

मिशीवाल्याने विचारलं, थोडं तेल मिळेल का. नाही म्हटलं. कारण विचारलं. म्हटलं, जगात संपलं.

१९ डिसेंबर, शनिवार

सात नंबर परत आली. स्पर्धेच्या दिवशीची लाल फीत बोल्टवर तशीच होती, कुणी खोललेलाच नाही. ती कापली. आधी मॅगझिन, मग बोल्ट मागे, मग डोळा, मग करंगळी. सवय.

वास घेतला. रॉकेलचा वास कुठेच नाही. दस्ता कोरडा, पट्टा कोरडा. बोल्ट खोलला. पिनच्या घरात ग्रीस. पिवळ्या डबीतलं, कपाटातलं. बेताने भरलेलं, बाहेर एक ठिपकासुद्धा नाही. आणि पिनवरची खाच वर.

माझ्या भावाला मॅगझिनसुद्धा काढता येत नाही.

त्याने जाळीतून पाहिलं असणार. म्हणून तो गप्प होता. आणि मी त्याला गल्लीत उभं करून बोलले, तर लेकीकडे बघून म्हणाला, झालं असेल. पोरीने मला एकदा विचारलंही होतं, तिथे पुठ्ठे नसतात ना. मी पाण्याची गंमत लिहून मोकळी झाले.

पिन पुसली, कोरडी केली, खाच वर करून बसवली. वहीत "दोष दूर केला" एवढंच लिहिलं.

उद्या सकाळी भावाकडे जाणार. त्याला सांगणार, जाळी फार करकरते, डबा घेऊन ये.